वर्गणी ऑनलाइन झाली, हिशेबाचे काय?

काही दिवसांपूर्वी एका रविवारी वडपे (ता. भिवंडी) येथील चार तरुण आमच्याकडे आले. चौघेही महामार्गालगतच्या गोदामांत कामाला. दोघे पिकिंगला, एक लोडिंगला, एक ठेकेदाराकडे सुपरवायझर. जयभीम झाला, चहा झाला आणि त्यांच्यातल्या एकाने मोबाईल पुढे केला. म्हणाला, "वकील साहेब, हे एकदा कायद्याच्या नजरेने बघून द्या. आज रात्री बाराला टाकायचंय."

मोबाईलवर ऑनलाइन निधी संकलनाच्या मोहिमेचा मसुदा होता. वस्तीत अभ्यासिका उभारायची, त्यासाठी पंचवीस लाख रुपये पाहिजेत, म्हणून जगभरच्या समाजबांधवांना आवाहन. वर मथळा : 'गरीब वस्तीतील मुलांना मदतीचा हात द्या.' त्याखाली फाटक्या ताडपत्रीखाली अनवाणी बसलेल्या एका मुलाचा फोटो. हा मुलगा कुणाचा, असे आम्ही विचारले. चौघे एकमेकांकडे बघू लागले. फोटो इंटरनेटवरून घेतला होता. खाली क्यूआर कोड, आणि तो लोडिंगला असलेल्या मुलाच्या स्वतःच्या बचत खात्याचा.

आम्ही मसुदा बाजूला ठेवला आणि प्रश्न विचारले. अभ्यासिकेची जागा कुणाच्या नावावर आहे? "वस्तीची आहे." सातबारा कुणाच्या नावाचा? उत्तर नाही. पंचवीस लाखच का? "मोठा आकडा टाकला की निम्मे तरी येतात, असं सांगतात." पैसे ह्याच्याच खात्यात का? "ह्याचं खातं चालू आहे, बाकीच्यांची बंद पडलीत." आणि समजा चारच लाख आले, तर त्याचे काय करणार? त्यावर सुपरवायझर म्हणाला, "ते तेव्हा बघू की, दादा."

या मुलांच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. बारा-बारा तासांची पाळी करून आलेली ही पोरे. सारा देश अंगठ्याने मोबाईलवर माल मागवतो आणि तो माल रॅकवरून उतरवून गाडीत चढवणारे हात यांचे. आपल्या मागच्या भावंडांनी गोदामात जाऊ नये, स्पर्धा परीक्षेला बसावे, बसायला निदान एक खोली असावी, एवढीच त्यांची तळमळ. परंतु चळवळीचा पैसा तळमळीवर गोळा होतो आणि हिशेबावर टिकतो. आज गावोगावच्या विहारांतून, जयंती मंडळांतून, विद्यार्थी संघटनांतून अशा ऑनलाइन मोहिमा निघत आहेत. तेव्हा वडप्याच्या निमित्ताने या विषयाचा सविस्तर विचार करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

प्रथम एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. आपल्यातलेच काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात की मोबाईलवरून पैसे मागणे ही भीक आहे, स्वाभिमानी समाजाला ती शोभत नाही. हे आम्हाला मान्य नाही. आंबेडकरी चळवळीचा सगळा इतिहास लोकवर्गणीचा आहे. महाडला १९ आणि २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली तेव्हा गावात अथांग चवदार तळे असताना आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपये मोजून पाणी घ्यावे लागले. ते चाळीस रुपये आकाशातून पडले नव्हते. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला त्यामागे राजर्षी शाहू महाराजांचे अडीच हजार रुपये होते. एका राजाची मदत पत्र सुरू करून देऊ शकली, पण ते चालत ठेवायला वर्गणीदार लागतात, हे बाबासाहेबांना लवकरच कळून चुकले. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने ते स्वतः लिहून काढीत आणि त्याच रकान्यांतून लोकांकडे पैसेही मागत. हे पत्र माझे नाही, तुमचे आहे, त्याचे कर्ज तुमचे आहे, अशा अर्थाने मागत. तरीही १५ नोव्हेंबर १९२९ नंतर ते पत्र निघू शकले नाही. पुढे १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाने उत्पन्नाचा विसावा हिस्सा द्यावा असे सांगितले. दादरची चैत्यभूमी घ्या. भय्यासाहेब आंबेडकरांनी महूपासून मुंबईपर्यंत भीमज्योत आणली, गावोगावच्या गोरगरिबांनी नाणी टाकली, आणि ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताईंच्या हस्ते त्या स्तूपाचे उद्घाटन झाले. सरकारची वाट बघत बसलो असतो तर ६ डिसेंबरला लाखो लोक कुठे नतमस्तक झाले असते?

ही रीत केवळ आपलीच आहे असेही नाही. अमेरिकेत स्वातंत्र्यदेवीचा पुतळा फ्रान्सहून येणार होता, पण तो उभा करण्याच्या चौथऱ्याला पैसे नव्हते. श्रीमंतांनी हात वर केले. तेव्हा १८८५ साली जोसेफ पुलित्झर या संपादकाने आपल्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकातून आवाहन केले आणि देणगी कितीही लहान असो, देणाऱ्याचे नाव छापीन असे वचन दिले. एक लाखाहून अधिक लोकांनी मिळून एक लाखाहून अधिक डॉलर दिले. बहुतेकांची देणगी एक डॉलर किंवा त्याहून कमी होती. नाव छापणे म्हणजे काय? ती पावतीच होती, आणि सर्वांसमोर दिलेली होती.

तेव्हा मागण्यात कमीपणा नाही. प्रश्न आहे तो मागितल्यानंतरचा.

निधीचा हिशेब मागणे हे किती मोठे राजकीय हत्यार आहे हे बाबासाहेबांइतके कुणी ओळखले नव्हते. १९२१ साली काँग्रेसने टिळक स्वराज्य फंडात एक कोटीहून अधिक रुपये जमवले. अस्पृश्यतानिवारण हा काँग्रेसच्या विधायक कार्यक्रमाचा भाग होता. मग त्या फंडातून अस्पृश्यांसाठी किती खर्च झाले? बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात काँग्रेसच्याच वाटपाचे आकडे मांडून दाखवले : ४३,३८१ रुपये. हजार व्याख्यानांनी जे सिद्ध झाले नसते ते या एका आकड्याने झाले. विचार करा, ज्या नेत्याने देशातल्या सर्वांत बलाढ्य पक्षाला वर्गणीच्या हिशेबावरून उघडे पाडले, त्याच्या नावाने आपण वर्गणी काढतो आणि उरलेल्या पैशाची वही कुणाकडे आहे हे आपल्यालाच माहीत नसते!

आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवत नाही. या दोषात आम्हीही आहोत. विधी महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलो होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या वस्तीत वाचनालय काढायचे म्हणून आम्ही मित्रांनी पावतीपुस्तके छापली आणि घरोघर फिरलो. कुणी पन्नास दिले, कुणी शंभर. वाचनालयाचे कपाट आले, दोनशे-अडीचशे पुस्तके आली, आणि मग जागेवरून वाद झाला, निवडणूक आली, आम्ही कोर्टाच्या कामात गुंतलो. कपाट एकाच्या घरी गेले. शिल्लक काही हजार होते. ते कुणाकडे राहिले यावर दोन मित्रांचे आजही बोलणे नाही. मागच्या वर्षी एका मातेच्या पुण्यानुमोदनाला गेलो होतो. तिथे वस्तीतल्या एका आजींनी आम्हाला हाताला धरून घरात नेले आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीमागून एक पिवळी पडलेली पावती काढली. एक्कावन्न रुपयांची. खाली सही आमची. आजी रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "वकील झालास, चांगलं झालं. पण वाचनालय कधी उघडतंस?" आम्ही न्यायालयात रोज उलटतपासण्या घेतो. त्या प्रश्नापुढे मात्र आम्हाला तोंड वर करता आले नाही.

वडप्याच्या पोरांना आम्ही ही गोष्ट सांगितली. एक जण हसला, म्हणाला, "ऑनलाइनमध्ये हा प्रॉब्लेम नाही, सगळं रेकॉर्ड राहतं." रेकॉर्ड राहते हे खरे. पण ते बँकेकडे राहते, मोहीम चालवणाऱ्या कंपनीकडे राहते, आयकर खात्याला दिसते. ज्याने दिले त्याला दिसते का? त्याला फक्त आपले पैसे गेल्याचा संदेश येतो. आजींकडे निदान सहीची पावती होती, सही करणाराला त्या हाताला धरून घरात नेऊ शकल्या. क्यूआर कोडला कुणाचा हात धरायचा?

आता जागेचा मुद्दा घेऊ. आमच्या मते तो सर्वांत गंभीर आहे आणि नेमका त्याकडेच सगळ्यांचे दुर्लक्ष होते. इमारतीसाठी पैसे मागायच्या आधी जमीन कुणाची याचा कागद हातात पाहिजे. सातबारा पाहिजे, गावठाणातली जागा असेल तर मालमत्ता पत्रक किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा पाहिजे, आणि त्यावर संस्थेचे नाव पाहिजे. एखाद्या भल्या माणसाने तोंडी दिलेली जागा त्याच्या मुलांच्या वाटण्यांत परत जाते. गायरानावर बांधलेल्या विहारावर नोटीस येते. वडपे तर महामार्गावरचे गाव. माजिवडा ते वडपे हा सुमारे चोवीस किलोमीटरचा रस्ता आठपदरी करण्याचे काम काढण्यात आले. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि ते आमणे याच तालुक्यात. गोदामवाले एकरांनी जमीन मागत असताना आणि रस्ता रुंद होत असताना 'वस्तीची जागा' या दोन शब्दांवर पंचवीस लाख लावणार? भूसंपादनात मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. देणगीदारांच्या यादीला मिळत नाही.

आणि जमीन संस्थेच्या नावावर असली म्हणजे संपले असेही नाही. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस जमीनदोस्त झाले. बाबासाहेबांनी समाजाच्या पैशातून उभे केलेले ते वैभव. पाडणारे बाहेरचे नव्हते. बाबासाहेबांनीच १९४४ साली स्थापन केलेल्या पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या विश्वस्तांच्या नावाने ते पाडले गेले. १९ जुलै २०१६ रोजी मुंबईत लाखोंचा मोर्चा निघाला. समाजाचा संताप योग्यच होता. परंतु वकील म्हणून आम्हाला त्यावेळी एक प्रश्न सतावत होता आणि आजही सतावतो : या लाखो लोकांपैकी कितींनी त्या दिवसापूर्वी विश्वस्तांची यादी पाहिली होती? विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल होतो, लेखापरीक्षण अहवाल दाखल होतात, त्यांच्या नकला मागता येतात. आपण मागत नाही. आपण वास्तूला वंदन करतो, तिची कागदपत्रे मात्र वाचत नाही.

आता ऑनलाइन मोहिमेच्या प्रत्यक्ष कायद्याकडे येतो. थोडे रुक्ष आहे, पण वाचकांनी धीराने वाचावे.

वैयक्तिक खात्यावर सार्वजनिक कामाचे पैसे कधीही घेऊ नयेत. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षभरात एकूण पन्नास हजारांपेक्षा जास्त रक्कम कुणा व्यक्तीला फुकट मिळाली तर आयकराच्या दृष्टीने ते तिचे उत्पन्न ठरते. लोडिंगच्या मुलाच्या खात्यात चार लाख आले तर नोटीस त्याच्या नावाने येईल, आणि 'हे वस्तीचे पैसे आहेत' हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडेल. दुसरे, हल्ली सायबर फसवणुकीतला पैसा खात्याखात्यांतून फिरतो. त्यातले पाचशे रुपये जरी तुमच्या क्यूआर कोडवर आले तरी दूरच्या एखाद्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून तुमचे खाते गोठू शकते. ज्या खात्यात पगार येतो तेच गोठले तर त्या घरात चूल कशावर पेटणार?

म्हणून संस्था पाहिजे. नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल तर उत्तमच. नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी घेतात तीच ही परवानगी. त्यांना ती दरवर्षी आठवते, आपल्या जयंती मंडळांना आठवत नाही, हे कटू वाटले तरी खरे आहे. बँक खाते संस्थेच्या नावाने, किमान दोन सह्यांचे, आणि त्या दोन सह्या एकाच घरातल्या नसाव्यात. देणगीवर ८०जी ची करसवलत देता आली तर कल्याण-ठाण्याचा नोकरदार वर्ग पुढे येतो, पण त्यासाठी आयकर खात्याची वेगळी मान्यता लागते आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. मान्यता नसताना आवाहनात 'करसवलत उपलब्ध' असे छापणे ही सरळ फसवणूक आहे.

परदेशातल्या बांधवांचा प्रश्न याहून नाजूक. अमेरिकेतल्या आंबेडकरी कुटुंबांची दानत मोठी आहे. मेरीलँड राज्यातल्या आंबेडकर इंटरनॅशनल सेंटरमध्ये १४ ऑक्टोबर २०२३ रोजी बाबासाहेबांचा एकोणीस फुटी पुतळा उभा राहिला तो त्याच दानतीवर. मग ते वडप्यालाही देतील, असे आपल्या पोरांना वाटणे साहजिक आहे. पण विदेशी अंशदान कायदा पासपोर्ट बघतो. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस लंडनहून स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेमार्फत पाठवत असेल तर ते विदेशी अंशदान नव्हे. त्याच्या शेजारी राहणाऱ्या सख्ख्या भावाने ब्रिटिश नागरिकत्व घेतले असेल तर मात्र त्याची देणगी विदेशी ठरते, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड का असेना. त्या नोंदणीशिवाय संस्थेने एक रुपया घेतला तरी गुन्हा. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा कायदा आणखी आवळला गेला आहे. म्हणून आवाहनातच लिहून टाकावे की फक्त भारतीय नागरिकांनीच द्यावे.

कुणी म्हणेल, वकील साहेब घाबरवतात. घाबरवत नाही, ज्या काळात आपण राहतो त्याची जाणीव देतो. पत्रकार राणा अय्यूब यांनी कोरोनाकाळात मदतीसाठी ऑनलाइन निधी जमवला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ईडीने त्यातल्या वापराबद्दल आरोप ठेवून १.७७ कोटी रुपयांवर टाच आणली. त्यांनी हे आरोप साफ नाकारले आहेत आणि तो वाद न्यायालयाचा आहे. पण सत्तेला न आवडणाऱ्या माणसाची वही सत्ता सर्वांत आधी तपासते, एवढा धडा आपण घ्यायला हरकत नाही. आपली वही अशी पाहिजे की कुणीही, कधीही उघडावी.

मोहीम चालवणाऱ्या कंपन्यांविषयीही सावध असावे. त्या धर्मादाय संस्था नसतात, धंदा असतो. काही जण टक्केवारी कापतात, काही 'शुल्क शून्य' म्हणून देणगीदारापुढे टिपेचा आकडा आधीच भरून ठेवतात, पैसे वळते करण्याचे शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळाच. संस्थेच्या खात्याचा स्वतःचा यूपीआय क्रमांक असेल तर लहान मोहिमेला या मधल्या दुकानाची गरजही नसते. सरकारने ३० डिसेंबर २०१६ रोजी पैसे पाठवण्याचे ॲप काढून त्याला 'भीम' नाव दिले आणि बाबासाहेबांचा सन्मान केल्याचे सांगितले. नाव दिले त्याबद्दल आभार. नोटाबंदीत बँकेच्या रांगेत दिवसाची मजुरी बुडवून उभ्या राहिलेल्या आमच्या आयाबहिणींना तो सन्मान कितपत पोचला ते त्याच जाणोत.

आता प्रचाराविषयी. वडप्याच्या मसुद्यावर आमचा सर्वांत मोठा आक्षेप कायद्याचा नव्हता, फोटोचा होता. ते अनवाणी मूल. बाबासाहेबांनी आपल्याला कोट-टाय घालून ताठ उभे राहायला शिकवले आणि आपण पैसे मागताना पोरांना अनवाणी बसवतो! मोठमोठ्या मोहिमा अशाच चालतात, रडका चेहरा दाखवला की पैसे येतात, असे पोरांना कुणीतरी शिकवले होते. येत असतीलही. पण दयेचा पैसा एकदाच येतो. हक्काच्या भावनेने दिलेला दर महिन्याला येतो. २०२१ साली ओडिशातल्या कोरापूटच्या सुमीत सामोस या दलित तरुणाला ऑक्सफर्डमध्ये प्रवेश मिळाला आणि पैसे नव्हते. त्याने ऑनलाइन आवाहन केले. देशभरच्या लोकांनी काही तासांत लाखो रुपये उभे केले. प्रवेश मिळाला आहे, एवढी रक्कम कमी पडते आहे, असा सरळ मामला होता. शिवाय तो त्याआधी वर्षानुवर्षे जातीविरुद्ध गाणी लिहीत होता, बोलत होता, लोक त्याला ओळखत होते. ओळख आधी, आवाहन नंतर, हा क्रम तरुणांनी लक्षात घ्यावा.

हा क्रम वडप्याला लावायचा तर काय? व्हॉट्सॲपच्या पन्नास गटांत दुवा टाकून पैसे येत नाहीत, हा सगळ्यांचा अनुभव आहे. जो तो अंगठा दाखवतो, जयभीम लिहितो, आणि पुढे पाठवतो. पैसे फोन केल्यावर येतात. म्हणून आम्ही सुचवले की आधी ओळखीच्या शंभर माणसांची नावे वहीत लिहा आणि गोदामांचे पगार झाल्यावरच्या पहिल्या रविवारी एकेकाला फोन करा. दुवा त्यानंतर उघडा, म्हणजे अनोळखी माणूस तो उघडेल तेव्हा यादी रिकामी दिसणार नाही. पंचवीस लाखांचा गोल आकडा सोडा. खुर्च्या किती, टेबले किती, एमपीएससीची पुस्तके कोणती, वर्षाचे वीजबिल किती, हे बसून काढा. दर रविवारी बिलाचा फोटो टाका. देणगीदारांच्या यादीत शंभरवाला आणि दहा हजारवाला एकाच आकाराच्या अक्षरांत. आणि फोटो आपल्याच वस्तीतल्या, पुस्तक घेऊन बसलेल्या मुलीचा, तिच्या आईला विचारून.

इथवर सगळे मान्य झाले. मग आम्ही शेवटचा प्रश्न विचारला आणि चौघेही चमकले. ग्रामपंचायतीकडे मागितले का?

नव्हते मागितले. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायचे असतात हे त्यांना ठाऊकच नव्हते. ज्या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामेच गोदामे आहेत तिथल्या ग्रामपंचायतींना त्या गोदामांची करआकारणी करता येते. त्यातले पंधरा टक्के दरवर्षी कशावर जातात, हा प्रश्न माहिती अधिकारात साध्या अर्जाने विचारता येतो. जिल्हा परिषदेमार्फत अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना आहे, तिचा प्रस्तावही ग्रामपंचायतीकडूनच जातो. हे न करता आपण मेरीलँडला हात पसरायचा आणि सरपंचाच्या दारावरून मुकाट्याने पुढे जायचे?

आमच्या मते ऑनलाइन वर्गणीचा खरा धोका इथे आहे. ती सोपी आहे म्हणून हक्काची लढाई अवघड वाटू लागते. सरकारलाही हे सोयीचे असते. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी १०६ विद्यार्थी निवडले गेले आणि सुरुवातीला फक्त ४० जणांना पत्रे मिळाली, उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास असे सांगण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात महाराष्ट्रात सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले, आणि त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. अनुसूचित जातींचा निधी दुसरीकडे वळू नये म्हणून आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने २०१३ मध्ये कायदे केले. महाराष्ट्रात असा कायदा व्हावा ही मागणी चळवळ वर्षानुवर्षे करीत आली आहे. अर्थसंकल्पातून आपले शेकडो कोटी एका सहीने जातात आणि आपण शंभर-शंभर रुपये जोडून एका मुलाला विमानात बसवल्याचा आनंद साजरा करतो. त्या मुलाला बसवलेच पाहिजे, वर्ष वाया जाऊ देता कामा नये. पण त्याच्या मोहिमेच्या आवाहनात एक ओळ अशीही असली पाहिजे की हे पैसे कुणी द्यायला हवे होते आणि त्यांनी ते का दिले नाहीत.

त्या रात्री बाराला मोहीम टाकली गेली नाही. पुढच्या रविवारी चौघे परत आले तेव्हा सोबत वस्तीतल्या दोन महिला होत्या. आता सात जणांची समिती झाली आहे आणि बँकेच्या दोन सह्यांपैकी एक सही एका ताईंची असेल. ग्रामपंचायतीला पंधरा टक्क्यांबद्दल माहिती अधिकाराचा अर्ज गेला आहे. कलम ४१ क च्या अर्जाचे कागद आम्ही तपासून दिले. बांधकामाचा विषय सातबारा हाती येईपर्यंत थांबवला आणि तूर्त एक खोली भाड्याने घ्यायची ठरली. खुर्च्या, टेबले, पुस्तके, अकरा महिन्यांचे भाडे आणि वीज मिळून तीन लाख दहा हजारांचा अंदाज निघाला. त्यातले अठ्ठावीस हजार वस्तीतल्याच गोदाम कामगारांनी एकेक दिवसाची मजुरी म्हणून कबूल केले आहेत.

परवानगी आली की पावतीपुस्तक छापायला जाईल. क्यूआर कोड त्याच पावतीच्या मागच्या बाजूला असेल. पहिली पावती आम्ही मागून ठेवली आहे, एक्कावन्न रुपयांची, आमच्या वस्तीतल्या त्या आजींच्या नावाने. पैसे आमचे, कारण आम्ही त्यांचे देणे लागतो. आमच्या जुन्या वाचनालयाचे कपाट ज्या मित्राच्या घरी आहे त्याच्याकडेही जाऊन आलो. त्यात सध्या कपडे ठेवलेले आहेत. पुस्तके माळ्यावर निघाली, एकशे साठ भरली. आणखी काही शोधतो म्हणाला आहे.